उकिरड्याचे पांग फेडणारा शास्त्रज्ञ

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण धीर देणारी खरी, पण तिच्यात उकिरड्याबद्दल आदर मुळीच नाही. कोणालाच नको असलेली वस्तू कोणती, तर उकिरडा; त्याचेसुद्धा दिवस पालटतात, मग तुझे का पालटणार नाहीत, असा त्या म्हणीचा रोख. परंतु एक माणूस असा होऊन गेला, की ज्याने उकिरड्याकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले आणि बारा वर्षांची ही मुदत अवघ्या नव्वद दिवसांवर आणून ठेवली. हे काम त्याने केले ते होळकरांच्या राज्यात, इंदुरात.

मराठी माणसाला इंदूर परके नाही. अहिल्याबाईंची पुण्याई, होळकरांचा राजवाडा, सराफ्यातले रात्रीचे खाणे, पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदणारी मराठी घरे, असे बरेच काही त्या नावाबरोबर डोळ्यांपुढे येते. शेतीच्या पुस्तकांत मात्र इंदूर भेटते ते कंपोस्ट खताच्या प्रकरणात. काडीकचरा कुजवण्याच्या ज्या पद्धती तिथे सांगितलेल्या असतात, त्यांत इंदूर पद्धतीचा मान पहिला. केनियातले कॉफीचे मळेवाले, बंगालच्या डुआर्समधले चहावाले, इंग्लंडातले बागाईतदार अशा, ज्यांनी इंदूर कधी डोळ्यांनी पाहिलेही नसेल त्या लोकांच्या तोंडी हे नाव बसले. या नावामागचा माणूस कोण, हे शोधत गेलो तेव्हा हाती लागली एका हट्टी, फटकळ आणि विलक्षण डोळस इंग्रजाची गोष्ट. त्याचे नाव सर आल्बर्ट हॉवर्ड.

ही गोष्ट आज सांगावीशी वाटते त्याला कारण आहे. शाश्वत शेती हा शब्द आता मंत्र्यांच्या भाषणापासून तांदळाच्या पिशवीपर्यंत सगळीकडे भेटतो. कोणी तो विचार थेट वेदकाळाला नेऊन भिडवतो, तर कोणी पाश्चात्त्यांचे नवे खूळ म्हणून उडवून लावतो. हॉवर्ड यांचे चरित्र वाचले की ही दोन्ही मते मला अपुरी वाटू लागतात. शेतकऱ्याचे पिढीजात शहाणपण आणि प्रयोगशाळेतले शास्त्र यांची शेताच्या बांधावर गाठ पडली, तेव्हा हा विचार आकाराला आला. आणि ती गाठ पडण्यासाठी शिकवायला आलेल्या माणसाला आधी विद्यार्थी व्हावे लागले.

आल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात, बिशप्स कॅसल या गावी झाला. घर शेतकऱ्याचे. त्यामुळे नांगर, गुरे आणि शेणखत यांची ओळख पुस्तकाआधी झालेली. पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणि केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांनी शिक्षण घेतले. १८९९ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर बुरशीजन्य रोगांचे तज्ज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. उसावरचे रोग तपासायचे, सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहायची आणि शेतकऱ्यांना उपाय सांगायचे, असे कामाचे स्वरूप. काम चालू होते, पण मनाला एक टोचणी लागली. आपण दुसऱ्याला सल्ले देतो. पण ते स्वतः करून पाहायला आपल्याजवळ वाफाभर रान नाही, हे त्यांना खटकू लागले.

१९०३ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि केंट परगण्यातल्या वाय येथील शेतकी महाविद्यालयात हॉप्सच्या पिकावर काम करू लागले. हॉप्स म्हणजे बिअरला कडसर चव देणारी फुले. या वेलीत नर वेगळा, मादी वेगळी. बागाईतदार नर वेली निरुपयोगी म्हणून उपटून टाकत. हॉवर्ड यांनी नर वेली पुन्हा लावायला सांगितल्या. परागण नीट झाले, फुले लवकर तयार झाली आणि रोगालाही दाद देईनाशी झाली. निसर्गाने घातलेली घडी मोडली की रोग शिरतो आणि ती पुन्हा बसवली की रोग हटतो, हा विचार त्यांच्या मनात तिथे रुजला.

त्या काळचे शेतीशास्त्र मात्र वेगळ्याच वाटेने निघाले होते. १८४० मध्ये युस्टुस फोन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पिकांचे पोषण खनिज द्रव्यांवर होते, असे ठामपणे मांडले. १८४३ पासून इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे खतांचे प्रयोग सुरू झाले. नत्र, स्फुरद आणि पालाश हे तीन शब्द शेतीची गुरुकिल्ली ठरले. पुढे १९०९ मध्ये फ्रिट्स हाबर यांनी हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ मध्ये जर्मनीत त्याचा मोठा कारखाना निघाला. पहिल्या महायुद्धात अशा नत्रातून दारूगोळा निघाला आणि युद्ध संपल्यावर तेच कारखाने खताकडे वळले. हे शास्त्र खोटे नव्हते. पण मातीचा सगळा हिशेब तीन आकड्यांत बसवला की तिच्यातले गांडूळ, बुरशी, जिवाणू आणि कुजका पाला यांना त्या खतावणीत जागाच उरत नव्हती.

हिंदुस्थानातल्या शेतकऱ्याविषयीही साहेबाच्या मनात एक ठरीव चित्र होते: अडाणी, दैववादी, लाकडी नांगर ओढणारा. त्या चित्राला पहिला तडा गेला तो जॉन ऑगस्टस व्होल्कर यांच्या अहवालाने. १८८९ मध्ये सरकारने त्यांना इथली शेती सुधारण्यासाठी पाठवले. १८९३ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात इथल्या चांगल्या शेतकऱ्याच्या मेहनतीचे आणि जाणकारीचे कौतुक होते. त्यांनी एका दुखण्यावर बोटही ठेवले. सरपण मिळत नाही म्हणून शेणाच्या गोवऱ्या चुलीत जातात आणि शेत उपाशी राहते. हे दुखणे पुढे हॉवर्ड यांच्या वाट्याला यायचे होते.

१९०५ मध्ये हॉवर्ड हिंदुस्थानात आले. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत, हेन्री फिप्स नावाच्या अमेरिकन धनिकाच्या देणगीतून, बिहारमधल्या पुसा या गावी शेती संशोधनाची मोठी संस्था उभी राहत होती. तिथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि प्रयोगासाठी पंचाहत्तर एकर जमीन मिळाली. बार्बाडोसची टोचणी अखेर शमली. आता स्वतःचे रान होते. मात्र त्या रानात काय करायचे, हे त्यांनी पुस्तकांना विचारले नाही. आसपासच्या शेतकऱ्यांची पिके त्यांना बरीचशी निरोगी दिसली. या लोकांजवळ ना फवारे होते, ना विकतची खते. मग ते करतात तरी काय, हे पाहायचे त्यांनी ठरवले.

त्यांनी पाहिले ते असे. शेतकरी धान्याबरोबर डाळीचे पीक घेतो, ज्वारी-बाजरीत तूर पेरतो. पिकांची फेरपालट करतो. बी निवडून ठेवतो. कोणत्या मातीत किती खोल नांगरायचे, ते त्याला ठाऊक असते. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींत नत्र साठते, हे युरोपच्या शास्त्राला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उमगले. इथला शेतकरी कारण न सांगता त्याचा फायदा कित्येक पिढ्या घेत होता. हॉवर्ड यांनी या शेतकऱ्यांना आणि पिकांवर पडणाऱ्या किडींना आपले गुरू मानले. शेतकऱ्याला गुरू करणे समजू शकते, पण किडीला? त्यांचा विचार असा, की कीड ही चुकलेल्या शेतीची खबर आणणारी आहे. पीक अशक्त का झाले ते आधी शोधावे. खबर आणणाऱ्याला मारून काय साधणार? १९१० पर्यंत आपली पिके फवारणीवाचून आणि रासायनिक खतावाचून निरोगी काढता येतात, अशी त्यांची खात्री पटली होती.

या सगळ्या कामात ते एकटे नव्हते. १९०५ मध्येच त्यांचा विवाह गॅब्रिएल मथाई यांच्याशी झाला होता. गॅब्रिएल या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजच्या फेलो आणि वनस्पतींच्या शरीरक्रियांच्या नाणावलेल्या अभ्यासक. प्रकाशसंश्लेषणावर तापमानाचा काय परिणाम होतो, यावरचे त्यांचे संशोधन आजही वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात नोंदले जाते. पुसाला आल्यावर त्यांनी पतीच्या बरोबरीने काम केले. सरकारदरबारी मात्र त्यांना पुष्कळ वर्षे स्वतंत्र जागा नव्हती. १९१० मध्ये पतीच्या साहाय्यक म्हणून त्यांची नोंद झाली आणि १९१३ मध्ये दुय्यम सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ हे पद मिळाले. हिंदुस्थानातल्या गव्हावरचा १९०९ चा ग्रंथ दोघांच्या नावावर आहे. पुसा ४ आणि पुसा १२ या त्यांनी निवडलेल्या गव्हाच्या जाती उत्तर हिंदुस्थानात दूरवर पसरल्या. पुढच्या काळात सेंद्रिय शेतीचा जनक म्हणून हॉवर्ड यांचा गौरव झाला. पण या घराण्याला जननीही होती, हे विसरून चालणार नाही.

पुसाची एक हकीकत हॉवर्ड पुढे आयुष्यभर सांगत आले. हट्टाने मागून घेतलेल्या बैलांना त्यांनी आपल्याच रानातली सकस वैरण घातली. गोठा स्वच्छ ठेवला, लस मात्र टोचू दिली नाही. शेजारी संस्थेचा मोठा गोठा होता आणि त्यात लाळ्या-खुरकुताची साथ आली. मधे फक्त एक बुटके कुंपण. हॉवर्ड यांचे बैल कुंपणावरून आजारी गुरांच्या नाकाला नाक लावत, पण एकालाही रोग लागला नाही. चांगली माती, चांगली वैरण, निरोगी जनावर अशी एक साखळी त्यांना तिथे दिसली. या हकीकतीकडे मला पुन्हा यायचे आहे.

हळूहळू पुसात त्यांचे मन रमेनासे झाले. संस्थेत किडींचे खाते वेगळे, बुरशीचे वेगळे, रसायनाचे वेगळे. एकच झाड पाच खात्यांत वाटलेले. अख्खे झाड कोणाच्याच टेबलावर नाही. ही तुकडेबंदी हॉवर्ड यांना सोसवेना. आपल्याला वेगळी संस्था हवी, जिथे माती, पीक, जनावर आणि शेतकरी यांचा एकत्र विचार होईल, असा आग्रह त्यांनी धरला. मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानांनी आणि कापूस समितीने पैसा दिला, होळकर दरबाराने इंदूरला तीनशे एकर जमीन दिली आणि १९२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था सुरू झाली. हॉवर्ड तिचे संचालक झाले. काम मुख्यतः कापसाचे होते. पण कापूस सुधारायचा तर माळव्याच्या काळ्या मातीचा कस आधी सांभाळायला हवा, अशी त्यांची धारणा होती.

आणि इथे व्होल्करांनी दाखवलेले जुने दुखणे पुढे उभे राहिले. शेणखत हवे, पण शेण चुलीत जाते. गोवऱ्या जाळू नका, असे सांगणे सोपे; मग भाकरी कशावर भाजायची? माझ्या लहानपणी गावाकडे भिंतीवर गोवऱ्या थापलेल्या असत आणि परसात उकिरडा असे. गोवऱ्यांची मोजदाद घरातल्या बाईला तोंडपाठ. उकिरड्याकडे मात्र वैशाखात गाडी भरायच्या वेळेलाच लक्ष जाई. पावसाने त्याचा कस वाहून गेलेला, उन्हाने वाळलेला, अर्धा कच्चा, अर्धा जळालेला. शेण थोडे आणि काडीकचरा अमाप, हा हिंदुस्थानी शेतीचा खरा हिशेब. हॉवर्ड यांनी हिशेब आहे तसा स्वीकारला आणि उत्तर काडीकचऱ्याच्या बाजूने शोधले.

त्यांच्या उत्तराचे मर्म आपल्या घरातल्या उदाहरणाने सांगता येईल. दुधाचे दही करायला दूध लागते पातेलेभर आणि विरजण चमचाभर. कचरा कुजवताना शेणाचे काम विरजणासारखे. तीन भाग काडीकचरा आणि एक भाग शेण व गोठ्यातली घाण, असे साधारण प्रमाण. त्यात गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि चुलीतली राख घालायची, म्हणजे आंबटपणा मारला जातो. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोनच फूट खोल असा खड्डा. खोली कमी, कारण आतल्या जिवाणूंना हवा लागते. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका. पहिली पालटणी दोनेक आठवड्यांनी, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. आत बुरशी आणि जिवाणू कामाला लागले की ढीग हात ठेववणार नाही इतका तापतो. त्या उष्णतेत तणांचे बी आणि माश्यांच्या अळ्या मरतात. नव्वद दिवसांनी खाली उरते ते काळे, भुसभुशीत, मातीसारख्या वासाचे खत.

कापसाच्या पऱ्हाट्या तर लाकडासारख्या टणक. त्या कुजायच्या कशा? हॉवर्ड यांनी त्या शेतातल्या रस्त्यावर पसरल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा भुगा झाला, मग तो गुरांखाली अंथरला आणि तिथून खड्ड्यात गेला. या पद्धतीत विकत आणावे असे जवळजवळ काहीच नव्हते, हे तिचे मोठेपण. शिवाय ही कल्पना सर्वस्वी आपली आहे असे हॉवर्ड यांनी कधी म्हटले नाही. फ्रँकलिन किंग या अमेरिकन मृदाशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये चीन, जपान आणि कोरियाचा दौरा केला होता. चाळीस शतके तीच जमीन कसूनही तिथल्या शेतकऱ्यांनी तिचा कस कसा राखला, याचे त्यांचे पुस्तक १९११ मध्ये निघाले. त्या पुस्तकाचे ऋण हॉवर्ड मोकळेपणाने मानत. चीनचा अनुभव, माळव्याचा कचरा आणि युरोपचे जिवाणूशास्त्र यांचा मेळ त्यांनी घातला.

इंदूर पद्धतीची सविस्तर मांडणी करणारे पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्या जोडीला दुसरे नाव आहे यशवंत वाड यांचे. संस्थेतले ते हॉवर्ड यांचे प्रमुख सहकारी. मराठी वळणाचे हे नाव पाहून मला आनंद झाला. पण जगभरच्या लिखाणात ते क्वचितच भेटते, हे पाहून वाईटही वाटले. ज्या मजुरांनी हे खड्डे भरले आणि पालटले, त्यांची नावे तर कुठेच नाहीत. त्यातल्या त्यात समाधान एवढे, की संस्थेत मजुरांना ठरल्या दिवशी, ठरलेली मजुरी मिळे आणि कामाचे तासही रीतीपेक्षा कमी ठेवलेले होते. थकलेल्या माणसाकडून चांगली शेती होत नाही, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागले नसावे.

पुस्तक निघण्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट १९३० मध्ये, जिनिव्हा येथे गॅब्रिएल यांचे निधन झाले. पंचवीस वर्षांचा सहप्रवास संपला. १९३१ मध्ये हॉवर्ड निवृत्त होऊन मायदेशी गेले. त्याच वर्षी गॅब्रिएल यांच्या धाकट्या बहिणीशी, लुईज यांच्याशी, त्यांचा विवाह झाला. लुईज या ग्रीक-लॅटिनच्या विदुषी. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर कचेरीत त्यांनी शेतमजुरांच्या प्रश्नांवर काम केले होते. हॉवर्ड यांच्या हिंदुस्थानातल्या कामाची हकीकत पुढे १९५३ मध्ये त्यांनीच पुस्तकरूपाने लिहून ठेवली. १९३४ मध्ये हॉवर्ड यांना सर हा किताब मिळाला.

इकडे इंदूरला, एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी आलेले गांधीजी ती संस्था पाहायला गेले. त्यांना ही पद्धत इतकी पटली, की त्या वर्षी हरिजनमधून त्यांनी ती खेड्यापाड्यांतल्या कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचवली. एका सरकारी इंग्रज अधिकाऱ्याची पद्धत आणि सरकारशी लढणारा नेता यांची अशी उकिरड्यावर गाठ पडली. गांधीजींच्या दृष्टीने त्यात स्वच्छता होती, स्वावलंबन होते आणि घाणीचे सोने करण्याची किमया होती.

१९४० मध्ये हॉवर्ड यांचा सगळ्यांत गाजलेला ग्रंथ निघाला, शेतीविषयीचे जणू मृत्युपत्रच. दिवंगत गॅब्रिएल यांना तो अर्पण केलेला आहे. त्यातला मुख्य विचार अगदी साधा. निसर्गातला सर्वांत जुना शेतकरी म्हणजे जंगल. जंगलात कोणी खत टाकत नाही, कोणी फवारत नाही. तरी ते हजारो वर्षे हिरवे राहते. कारण तिथे जे वाढते ते मरून पुन्हा तिथल्याच मातीत जाते. शेतकरी मात्र पीक उचलून बाजारात नेतो. जे उचलले ते कोणत्या ना कोणत्या रूपाने परत केले पाहिजे, हा हॉवर्ड यांचा परतफेडीचा नियम. मातीतले सेंद्रिय द्रव्य म्हणजे मुद्दल आणि पीक म्हणजे व्याज. व्याजावर जगावे, मुद्दल खाऊ नये. आपल्याकडची कोणतीही संसारी बाई याला मान डोलवील. शाश्वत शेतीवर पुढे ढीगभर पुस्तके निघाली, पण त्या सगळ्यांचा गाभा मला या एका घरगुती हिशेबात सापडतो.

१९४० च्या त्या दशकात हा विचार झपाट्याने पसरला. लॉर्ड नॉर्थबोर्न यांच्या त्याच वर्षीच्या पुस्तकाने सेंद्रिय शेती हा शब्दप्रयोग इंग्रजीत रूढ केला. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचे मासिक काढले आणि हॉवर्ड त्याच्या संपादनात सहभागी झाले. लेडी ईव्ह बाल्फर यांचे जिवंत मातीवरचे पुस्तक १९४३ मध्ये आले आणि १९४६ मध्ये इंग्लंडात सॉइल असोसिएशन स्थापन झाली. २० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडनजवळ ब्लॅकहीथ येथे हॉवर्ड यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, स्वतंत्र भारताच्या राजधानीत मीराबेन यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय कंपोस्ट परिषद भरली.

इथे कोणी हॉवर्ड यांचे देवघर मांडू नये. त्यांना मतभेद सोसत नसत आणि विरोधकांवर ते जहाल टीका करीत. शिवाय सकस मातीत वाढलेल्या पिकाला आणि जनावराला रोग होतच नाही, हे त्यांचे टोकाचे म्हणणे शास्त्राच्या कसोटीला उतरलेले नाही. ती बैलांची हकीकत आठवा. काही बैलांना रोग लागला नाही, हे निरीक्षण झाले. त्यावरून सिद्धान्त उभा राहत नाही. बुळकांडी या गुरांच्या भयंकर रोगाचे जगातून २०११ मध्ये उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले, ते लसीच्या जोरावर. त्यांचे बैल पाहून कोणी लस नाकारली असती, तर हा दिवस उजाडला नसता.

कृत्रिम नत्राबाबतही तेच. साठीच्या दशकातली धान्यटंचाई ज्यांनी रेशनच्या रांगेत सोसली, त्यांना हरितक्रांतीचे उपकार सांगायला नकोत. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांचे अन्न कारखान्यातल्या नत्रावर पिकते, असा जाणकारांचा अंदाज आहे. ते एका रात्रीत बंद केले तर काय होते, हे श्रीलंकेने दाखवले. एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खतांची आयात बंद केली, भाताचे उत्पादन कोसळले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाऊल मागे घ्यावे लागले. हॉवर्ड वाचून हा निर्णय घेतला असेल, तर त्यांचे अर्धेच पान वाचले असे मी म्हणेन. आधी मातीचे मुद्दल भरायचे आणि मग कर्ज कमी करायचे, हा त्यांचा क्रम. इथे मुद्दल न भरताच खाते बंद केले गेले.

हरितक्रांतीनेही मात्र अर्धेच पान वाचले. उत्पन्न वाढले, पण वैरण गेली, गुरे घटली, शेणखत आटले आणि जमिनीतले सेंद्रिय द्रव्य उतरत गेले. १९६२ मध्ये रेचेल कार्सन यांच्या पुस्तकाने कीटकनाशकांचे दुष्परिणाम जगापुढे आणले. १९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची कल्पना सर्वतोमुखी केली आणि हॉवर्ड यांचा घरगुती हिशेब राष्ट्रसंघाच्या भाषेत पोहोचला. आपल्या महाराष्ट्रातही ही परंपरा खंडित झाली नाही. पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी जाळीदार विटांच्या हौदात कंपोस्ट करण्याची पद्धत बसवली. त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ती नाडेप म्हणून ओळखली जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच अशा त्या हौदाला शेण लागते शंभर किलोच्या आसपास. पुन्हा तेच विरजण! कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून साध्या शेतकऱ्याला आपल्या रानातला संशोधक केले. शेतकऱ्याला गुरू मानणाऱ्या हॉवर्डना ते नक्की आवडले असते.

एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. परतफेडीच्या नियमात शेतकरी एकटाच नाही. त्याच्या शेतातून निघालेली भाजी, फळे, धान्य शहरात येते. साली, देठ आणि उष्टे शहरातच राहते. खेड्यातल्या मातीने पाठवलेल्या मालाचे हे रिकामे डबे आपण परतच करत नाही. शहराबाहेरच्या डोंगरावर नेऊन ओततो, तिथे ते पेटतात आणि धुमसतात. या बाबतीत पुन्हा इंदूरचेच नाव घ्यावे लागते. २०१७ पासून स्वच्छतेत सलग कित्येक वर्षे देशात पहिल्या आलेल्या या शहरात ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा केला जातो. ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू आणि खत करणारा मोठा प्रकल्प तिथे फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला.

आपल्या इमारतींमध्येही आता ओला-सुका असे दोन डबे असतात. मटाराच्या साली, कोथिंबिरीचे देठ, चहाचा चोथा ज्या डब्यात जातो, तो शेतकऱ्याच्या देण्याचा डबा आहे. गच्चीवर जागा असेल तर भोके पाडलेल्या पिंपात वाळका पाला, थोडी माती आणि विरजणापुरते शेण किंवा जुने खत घालून हा हिशेब घरच्या घरी सुरू करता येतो. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका ठेवायचा, अधूनमधून वरखाली करायचे आणि तीन महिने वाट पाहायची. वास आला तर पाणी जास्त झाले असे समजून वाळका पाला वाढवावा.